एका नोटेची माफी

१

बँकेच्या परकीय चलनाच्या खिडकीमागे बसलेल्या बाईंनी नोटा तिसऱ्यांदा मोजल्या, चष्मा कपाळावर चढवला आणि पाकीट काचेखालून परत बाहेर सरकवलं.

"नऊ आहेत."

"दहा," बायको म्हणाली. "मामाने दिल्या तेव्हा घरातल्या सगळ्यांसमोर मोजल्या होत्या. दहा."

"मामांनी किती दिल्या ते मला कसं कळणार मॅडम? माझ्या हातात आल्या त्या नऊ. आणि हे तुमचंच ना?" बाईंनी बोटाने एक नाणं पुढे ढकललं. आपल्याच देशाचं, रोज भाजीवाल्याला देतो तसलं साधं नाणं. पाकीट झटकल्यावर ते तळातून पडलं होतं. "नोटा मात्र छान आहेत. अगदी कोऱ्या. नाहीतर लोक काय काय चुरगळून आणतात."

जावई बायकोच्या मागे उभा होता. रांगेत करायला दुसरं काही नसल्याने तो खिडकीवरची भावाची पाटी वाचत होता. प्रत्येक देशापुढे दोन आकडे होते, एक बँकेने नोट घेण्याचा आणि एक देण्याचा, आणि दोन्हींत बरंच अंतर. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेल्या माणसाला न जुळणारे आकडे लगेच डोळ्यांत खुपतात. पण 'नऊ' हा शब्द कानावर पडला आणि त्याचं पाटीवरचं लक्ष उडालं.

या नोटांवर त्याचं दुकान उभं राहायचं होतं. जुनी जागा मालकाने इमारत पाडायची म्हणून काढून घेतली, तेव्हापासून नवराबायको सासऱ्यांच्या घरी राहत होती. सासुरवाडीला मुक्काम ठोकणाऱ्या जावयासाठी आपल्या भाषेत बरेच शब्द आहेत आणि त्यांतला एकही कौतुकाचा नाही. परदेशातून पाहुणे आलेले बायकोचे मामा जाताना भाचीच्या हातात पाकीट ठेवून म्हणाले होते, "दुकान उभं करा." जावयाने बसस्टँडजवळ एक छोटा गाळा पाहिला. शनिवारपर्यंत अनामत भरायची होती आणि मामांच्या नोटांत ती जेमतेम बसत होती.

नोटा तेव्हाच बदलून का घेतल्या नाहीत, तर सासऱ्यांमुळे. सासरे वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. शहरातल्या निम्म्या दुकानदारांचे काटे त्यांनी एकेकाळी जप्त केले होते. ते रोज सकाळी चहाबरोबर पेपरातला परकीय चलनाचा भाव मोठ्याने वाचत आणि म्हणत, "थांबा. भाव अजून चढेल." मध्ये एक आठवडा त्यांनी भाव वाचलाच नाही. पेपर तोंडासमोर धरून बसायचे आणि कोणी विचारलं तर खेकसायचे. मग पुन्हा वाचायला लागले. एकदा बायको म्हणाली की बसस्टँडजवळच्या नोटा बदलण्याच्या दुकानात जाऊन विषय संपवू, तर ते म्हणाले, "त्या दरोडेखोरांचं नाव काढू नकोस." असा महिना गेला होता.

आता खिडकीपाशी मात्र सासरे फार शांत होते.

"नऊ तर नऊ," ते म्हणाले. "भरून टाका. मागे रांग आहे."

"नऊ तर नऊ काय, बाबा? एक नोट गेली कुठे?"

बायकोने पाकीट पर्समध्ये टाकलं आणि तरातरा बाहेर पडली. सासऱ्यांनी पायरीवर जावयाच्या खांद्यावर हात ठेवला. लग्न झाल्यापासून त्यांनी जावयाच्या खांद्यावर हात ठेवण्याची ही पहिलीच वेळ.

"जावईबापू, मनाला लावून घेऊ नका. माझ्या तोंडून एक शब्द निघणार नाही."

"कशाबद्दल, बाबा?"

सासऱ्यांनी नुसता खांदा थोपटला.

२

शब्द निघाला तो रात्री जेवताना, आणि एक निघाला म्हणता म्हणता बरेच निघाले.

"मी सगळ्यांसमोर सांगतो," सासरे ताटावरून हात बाजूला घेत म्हणाले. "झालं ते झालं. माणूस अडचणीत असला की हात वाकडा पडतो. मी जावईबापूंना माफ केलेलं आहे. या घरात तो विषय पुन्हा निघता कामा नये."

जेवणाऱ्यांचे हात थांबले. मेहुणा, म्हणजे सासऱ्यांचा स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारा मुलगा, पाण्याचा पेला तोंडाला लावून पेल्यातच बघत राहिला. सासूबाईंना ठसका लागला.

"माफ? पण मी केलंय काय?" जावई म्हणाला.

"तुम्ही काही केलं असं मी म्हटलंच नाही."

"मग माफ कशाबद्दल केलंत?"

"तेच तर. विषयच काढायचा नाही."

बायको उसळून म्हणाली, "बाबा, त्यांनी नोट घेतलेली नाही."

"नाहीच घेतली असं आपण धरून चालू," सासरे इतक्या प्रेमाने म्हणाले की जावयाने हातातला घास ताटात परत ठेवला.

जावई अडकला होता तो कुलपामुळे. मागच्याच आठवड्यात कपाटाचं कुलूप अडकलं आणि ते त्याने सोडवलं होतं. बारीक हत्यारं घेऊन तो तासभर कपाटापाशी एकटा बसला होता. पाकीट त्याच कपाटात, साड्यांच्या मागे. कपाटाची किल्ली भिंतीवरच्या कॅलेंडरमागे लटकायची आणि ती कुठे असते हे घरातल्या सगळ्यांनाच ठाऊक होतं, पण ते आता कोणाला आठवत नव्हतं.

त्याला आतून जळत होतं. कोणी चोर म्हटलं तर भांडता येतं. माफ करणाऱ्याशी भांडायचं कसं? तोंड उघडलं की 'बघा, आम्ही माफ केलं तरी ऐकत नाही' असं व्हायचं. चोर सोडून संन्याशाला फाशी हे त्याने ऐकलं होतं, पण इथे संन्याशाला फाशी देऊन वर मायेने पाठीवरून हात फिरवत होते.

"या पैशाने मी दुकान घेणार नाही," तो म्हणाला. "नोट कुठे गेली ते कळेपर्यंत नाही. शनिवारी गाळा गेला तर जाऊ दे."

"असं काय करताय," सासूबाई कळवळल्या. मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "अहो, वन्संना बोलावू या का?"

सासऱ्यांचा चेहरा पडला.

"ताईला? घरातली गोष्ट घरात राहू दे. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"वन्सं काय परक्या आहेत?"

"एका नोटेसाठी ताईला त्रास? अहो, एक नोट गेली म्हणून आभाळ कोसळतं का? जाऊ दे ना."

पण सासूबाईंनी फोन उचलला होता, आणि पलीकडून आलेला आवाज जेवणाच्या टेबलापर्यंत स्वच्छ ऐकू आला. "कोणीही काही हलवू नका. मी सकाळी येते."

३

आत्याबाईंना सगळे नातेवाईक मागून 'भरारी पथक' म्हणत. शाळेत शिकवत असताना त्यांनी परीक्षांच्या एवढ्या वर्गांवर पर्यवेक्षण केलं होतं की मोज्यातली, पट्टीमागची, भाजीच्या डब्यातली अशी कुठलीही कॉपी त्यांच्या हातून सुटली नव्हती. निवृत्त होऊन जमाना झाला तरी त्या कुठल्याही खोलीत शिरल्या की लोक आपोआप ताठ बसत. सासऱ्यांच्या त्या थोरल्या बहीण, आणि सत्तरीच्या या भावाला अजून बाळ्या म्हणत.

"बाळ्या, तू बाहेर बस. एकेकाला आत पाठव. पहिला जावई."

आतल्या खोलीत जावई समोर बसला. त्यांनी त्याच्याकडे न बघता पाकीट हातात घेतलं, उघडलं आणि नाकाला लावलं.

"हा वास कसला रे?"

"बामचा, आत्या. मामांचे गुडघे दुखतात. बामची ट्यूब आणि पैशाचं पाकीट त्यांच्या एकाच खिशात. जिकडे जातील तिकडे घमघमाट. नोटा दिल्या तेव्हा आम्ही हसलो होतो, की या नोटा बँकेत नाही, दवाखान्यात चालतील."

"म्हणजे नोटा तू नीट पाहिल्या होत्यास."

"मला पाहायची सवयच आहे. जुन्या होत्या. पाकिटात बसाव्यात म्हणून मधोमध दुमडलेल्या. घडीवर रंग उडालेला."

आत्याबाईंनी नऊ नोटा पलंगावर एकापुढे एक मांडल्या. जावयाला राहवलं नाही.

"आत्या, मला एकच सांगा. तुम्हाला वाटतं का की मी घेतली?"

"परीक्षेत ज्याने कॉपी केलेली असते ना, तो पेपरकडे बघत नाही, माझ्याकडे बघतो. तू आल्यापासून नोटांकडे बघतोयस." त्यांनी एक नोट उचलून त्याच्या हातात दिली. "आता हिच्याकडे बघ आणि मला घडी दाखव."

जावयाने नोट खिडकीच्या उजेडात धरली. तिरकी धरली, उलटी केली. मग दुसरी घेतली, तिसरी घेतली. एकाही नोटेला घडी नव्हती. त्याने नाकाला लावून पाहिली, तर फक्त नव्या कागदाचा वास.

"बँकेतल्या बाई म्हणाल्या होत्या, कोऱ्या आहेत म्हणून," तो पुटपुटला. "माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं."

"एक नोट गेलेली नाही, बाळा," आत्याबाई म्हणाल्या. "दहाच्या दहा गेल्यात. या नऊ कोणीतरी नव्या आणून ठेवल्यात."

४

चोराने दहा नोटा नेल्या आणि नऊ आणून ठेवल्या. वर एक नाणं. असला चोर जावयाने ऐकला नव्हता. त्याला बाहेर जायचं होतं, पण आत्याबाईंनी त्याला कोपऱ्यातल्या स्टुलावर बसवलं. "ज्याच्यावर आळ आलाय त्याला ऐकायचा हक्क आहे," त्या म्हणाल्या.

मेहुणा आत आला तो पाय खुर्चीखाली लपवतच बसला.

"पाय पुढे घे," आत्याबाई म्हणाल्या.

पायांत नवे कोरे बूट होते, आणि भारीतले.

"पैसे कुठून आले?"

मेहुण्याने जावयाकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं आणि शेवटी मान खाली घातली. "पुस्तकं विकली, आत्या. परीक्षेची. सगळी."

"आणि दार लावून बसतोस ते?"

"झोपतो. मला नाही ती परीक्षा द्यायची. बुटांच्याच दुकानात नोकरी लागलीय, पुढच्या महिन्यापासून. हे त्यांनीच निम्म्या किमतीत दिले. बाबांना सांगू नका, त्यांना वाटतंय मी साहेब होणार."

"मी नाही सांगणार. तूच सांगशील, या रविवारी. जा आता. बूट चांगले आहेत."

तो गेला आणि सासूबाई आल्या. येतानाच त्यांचे डोळे भरलेले होते. आत्याबाईंनी त्यांच्यापुढे पाण्याचं तांब्याभांडं ठेवलं आणि कपाट उघडून साड्यांच्या मागून एक रंगीत डबा काढला. मामांनी भाचीसाठी आणलेल्या चॉकलेटांचा. त्यांनी तो कानाशी हलवून पाहिला. आत काही वाजलं नाही.

"वहिनी, हा रिकामा कसा?"

"मुलांनी खाल्ली असतील."

"मुलीने डबा फोडलेलाच नाही असं तीच मघाशी मला म्हणाली. पाकीट या डब्याच्या बरोबर खाली होतं. म्हणजे डबा उघडणाऱ्याला पाकीट रोज दिसणार."

सासूबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. खाई त्याला खवखवे. "वन्सं, डॉक्टरांनी गोड बंद केलंय हो. दुपारी सगळे झोपले की एक. फक्त एक. आमच्या ह्यांना कळलं तर ते चॉकलेटंसुद्धा वजन करून ठेवतील."

"मी बाळ्याला सांगणार नाही. पाकीट रोज दिसायचं का, एवढं सांगा."

"रोज दिसायचं." त्या थांबल्या. "एक आठवडा सोडून."

जावई स्टुलावरून उठलाच. "म्हणजे, आई?"

"एका मंगळवारी डबा काढला तर खाली पाकीट नाही. मला घाम फुटला. पण सांगू कशी? तुम्ही कपाटात काय करत होता असं विचारलं असतं ना कोणीतरी. आठवडाभर मी झोपले नाही. पुढच्या मंगळवारी बघते तर पाकीट जागच्या जागी. म्हटलं देव पावला, आता कशाला बोला."

"आणि कुलूप कधी अडकलं?"

"त्याच्यानंतर. गुरुवारी."

जावयाच्या छातीवरचं ओझं निम्मं उतरलं, पण निम्मंच. त्याने कुलूप सोडवायच्या आधीच कोणीतरी पाकीट उचलून नेलं होतं. ते त्यानेच नेलं नव्हतं हे मात्र अजून सिद्ध झालेलं नव्हतं. कॅलेंडरमागची किल्ली त्यालाही माहीत होती.

"काल मी गप्प बसले," सासूबाई त्याच्याकडे न बघता म्हणाल्या. "तुम्हाला माफ करत होते तेव्हा. चॉकलेटापायी गप्प बसले. मला फार लाज वाटते."

जावयाने तांब्यातलं पाणी भांड्यात ओतून त्यांच्यापुढे धरलं.

५

सासऱ्यांची मुलाखत सगळ्यांत छोटी झाली.

"बाळ्या, तुला काय वाटतं?"

"मला काही वाटत नाही, ताई. मी माफ केलंय. पोरं आपलीच आहेत. एक नोट काय, आली गेली."

"तू असं म्हणतोस?"

"का? मी म्हणू नये?"

"म्हण की. चहा झाला की मी जावयाला घेऊन जरा पाय मोकळे करून येते."

रस्त्याला लागल्यावर आत्याबाई बोलल्या. "एकदा दुधवाल्याने तुझ्या सासऱ्याला पळीभर दूध कमी घातलं होतं. बाळ्या त्या पळीभर दुधासाठी तीन गल्ल्या चालत त्याच्या घरी गेला. चमडी जाईल पण दमडी जाणार नाही असा माझा भाऊ. तो आज म्हणतो, एक नोट काय, आली गेली."

जावई चालता चालता थांबला.

"चल, चल," आत्याबाई म्हणाल्या. "अजून एक उत्तर तपासायचंय."

त्या थेट बसस्टँडजवळच्या नोटा बदलण्याच्या दुकानात शिरल्या. एवढंसं दुकान, काच, काचेमागे एक पोरगेलासा माणूस आणि त्याच्या डोक्यावर भावाची पाटी. तिच्यावरही दोन आकडे, आणि बँकेतल्यापेक्षा दोघांत अंतर जास्त.

"मला एक शिकव," आत्याबाई काचेपाशी तोंड नेत म्हणाल्या. "समजा मी तुला परदेशी शंभराच्या दहा नोटा विकल्या. तू मला आपले पैसे दिलेस. आठवड्याने मला वाटलं, चुकलंच आपलं. तेच सगळे पैसे घेऊन मी परत आले आणि म्हटलं, माझ्या नोटा मला दे. किती मिळतील?"

माणूस हसला. "असं कोणी करत नाही, आजी. आम्ही घेतो त्या भावाने देत नाही. मध्ये आमचं पोट आहे."

"पण केलंच तर?"

त्याने यंत्रावर आकडे बडवले. "त्यात मध्ये भाव चढला असेल तर आणखी मार. साधारण..." त्याने यंत्र काचेकडे फिरवलं. "नऊ नोटा. वर थोडी चिल्लर."

जावयाने खिशात हात घातला. पाकिटातून पडलेलं ते नाणं कालपासून त्याच्याच खिशात होतं.

६

संध्याकाळी सगळे बाहेरच्या खोलीत बसले. जेवणाच्या टेबलाशी काल ज्या खुर्चीत जो होता त्याच खुर्चीत आज त्याला आत्याबाईंनी बसवलं होतं. त्या स्वतः उभ्या राहिल्या. जावयाने नाणं टेबलाच्या मधोमध ठेवलं.

"मामांच्या नोटा जुन्या, दुमडलेल्या आणि बामच्या वासाच्या होत्या," आत्याबाई म्हणाल्या. "पाकिटाला वास आहे, नोटांना नाही. म्हणजे नोटा बदलल्या. आता बघा हं. चोराला नोटा हव्या असत्या तर त्याने सगळ्या नेल्या असत्या. नऊ नव्या आणून कशाला ठेवल्या असत्या? आणि वर हे नाणं? उरलेली चिल्लरसुद्धा ज्याची त्याला पोचती करणारा चोर मी तरी पाहिला नाही. हा चोर नाहीच. हा फार प्रामाणिक माणूस आहे, आणि फार घाबरलेला."

सासरे नाण्याकडे बघत नव्हते. ते बहिणीकडे बघत होते.

"नोटा घरातून गेल्या, आपल्या पैशांत बदलल्या आणि आठवड्याने पुन्हा परदेशी होऊन आल्या. जाऊन येऊन एक नोट दुकानदाराच्या पोटात गेली. पाकीट कुठल्या आठवड्यात जागेवर नव्हतं ते मला कळलेलं आहे. कोणी सांगितलं ते मी सांगणार नाही." सासूबाईंनी पदर सावरला. "त्याच आठवड्यात या घरात चहाबरोबर भाव वाचला गेला नाही. ज्याने नोटा विकून टाकल्या त्याला भाव वाचून काय करायचं, बाळ्या?"

आत्याबाईंनी ते नाणं बोटाने सासऱ्यांपुढे सरकवलं.

"आणि बसस्टँडजवळचे दरोडेखोर आहेत हे तुला कसं कळलं? तू तिथे गेलाच नव्हतास ना?"

बायकोच्या तोंडून नुसतं "बाबा" एवढंच निघालं.

सासऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग ते नाण्याशी बोलावं तसे बोलायला लागले.

"भाव रोज घसरायला लागला होता. मला वाटलं, अनामतीला कमी पडेल. मीच थांबा थांबा म्हणत होतो ना. म्हणून एका मंगळवारी जाऊन विकल्या. दुसऱ्या दिवसापासून भाव चढायला लागला. रोज चढतोय आणि मी बघतोय. शेवटी म्हटलं, परत घेऊन ठेवू, कोणाला कळायचं नाही. पेपरात एकच आकडा छापतात हो. दुकानात दोन असतात हे मी कधी पाहिलंच नव्हतं. त्या पोराशी मी तासभर भांडलो. तेल गेलं, तूप गेलं आणि हातात हे नाणं आलं. तेही मी पाकिटात ठेवलं. माझं नव्हतं ते."

"मग सांगितलं का नाहीत?" बायको म्हणाली.

"जन्मभर लोकांचे काटे पकडले मी. मलाच कोणीतरी मापात मारलं हे कुठल्या तोंडाने सांगू?"

"आणि यांना माफ केलंत ते कुठल्या तोंडाने?"

सासरे हळूच म्हणाले, "मला वाटलं, माफ केलं की विषय संपेल. माफी द्यायला काही खर्च येत नाही. चांगलीच वस्तू आहे, जावईबापूंना लागेल असं नव्हतं वाटलं."

आता जावयाला राग आला होता, खरा राग, आणि तो तसाच बोलला.

"लागलं, बाबा. रात्रभर डोळा लागला नाही. तुमच्या घरात राहतो म्हणून लोक काय बोलतात ते ऐकतो, ते कधी लागलं नाही. पण काल ही शेजारी बसली होती आणि तुम्ही मला माफ करत होतात. नोट गेली त्याचं मला काही नाही. तुम्ही गाळ्याचीच काळजी करत होतात, तेही कळलं. पण मला ती माफी नको. परत घ्या."

"परत?"

"जशी दिलीत तशी. याच टेबलाशी, सगळ्यांसमोर."

सासऱ्यांनी बहिणीकडे पाहिलं. आत्याबाईंनी घड्याळाकडे पाहिलं, पेपर गोळा करायची वेळ झाल्यासारखं. सासरे उठून उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली.

"जावईबापू, काल मी तुम्हाला माफ केलं होतं. ती माफी मी परत घेतो. तुम्ही काही केलेलं नव्हतं, तेव्हा ती तुमची नव्हतीच. ती ज्याला लागते आहे तो मी." त्यांनी टेबलाची कड सोडली. "बरोबर भरलं?"

"बरोबर भरलं, बाबा," जावई म्हणाला.

सासूबाई रडत उठल्या आणि म्हणाल्या की काहीतरी गोड करते. आत्याबाई म्हणाल्या, "तुम्ही राहू द्या, वहिनी. तुमचं झालंय." त्यावर सासूबाई इतक्या झटकन खाली बसल्या की सासऱ्यांनी संशयाने त्यांच्याकडे पाहिलं. मेहुण्याने पाय खुर्चीखाली घेतले. त्याचा रविवार अजून यायचा होता.

शनिवारी सकाळी बँक उघडली तेव्हा सासरे आणि जावई पहिल्या नंबरावर उभे होते. खिडकीमागच्या बाईंनी ओळखपत्र पाहिलं, पैसे कोणी दिले आणि कशासाठी दिले ते लिहून घेतलं आणि नऊ नोटा मोजल्या. सासऱ्यांनी आतल्या खिशातून दहाव्या नोटेच्या किमतीचे आपले पैसे काढले, दोनदा मोजले, जावयाच्या हातावर ठेवले आणि हातावरच तिसऱ्यांदा मोजले.

मग खाकरून ते हलक्या आवाजात म्हणाले, "जावईबापू, त्या दिवसाचं... मग मला माफ केलंत ना?"

जावयाने खिडकीवरच्या पाटीकडे पाहिलं. दोन्ही आकडे निवांतपणे वाचले.

"थांबा, बाबा," तो म्हणाला. "भाव अजून चढेल."